डोळ्याचे सहा कासरे आणि एका ग्रहणाचा हिशोब

चुलीपाशी असाल, गोठ्यात असाल, नाहीतर बैठकीला जमून रेडिओ ऐकत असाल, तुम्हा सगळ्यांना आमच्या बचत गटांकडून रामराम.

दर महिन्याला आम्ही इथे येतो ते कर्जाचं, हप्त्याचं, शेळीपालनाचं बोलायला. आज विषय वेगळा आहे. बाळाचा डोळा पोटात कसा तयार होतो, आणि तो डोळा हलवणारे स्नायू कधी आणि कसे जुळतात, हे सांगायचं आहे. बचत गटाच्या बायांना हे कशाला हवं, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही आधी तेच म्हणालो होतो. पण आमच्या गटातल्या एका सुनेवर दोन टाक्यांमुळे केवढा ठपका आला ते ऐका, मग ठरवा.

तिचं नाव सांगत नाही, तिची तशी इच्छा आहे. पण ही गोष्ट सांगा, असं तिनंच आम्हाला सांगितलं.

तिची मुलगी २०२३ सालच्या संक्रांतीला झाली. गोरीगोमटी, अंगानं चांगली. दोन वर्षांची होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग एक दिवस सासूबाईंच्या लक्षात आलं की पोर टक लावून बघायला लागली की तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो. आधी कधीतरी व्हायचं, नंतर रोजच व्हायला लागलं. घरात चर्चा सुरू झाली आणि गाडी येऊन थांबली ती ग्रहणावर.

तुम्हाला आठवत असेल, २०२२ साली दिवाळीतच ग्रहण आलं होतं. लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्याला ग्रहण लागलं. सूर्य ग्रहणातच मावळला. ही सून तेव्हा पोटुशी होती. भाऊबीजेला घालायच्या ब्लाऊजचा हुक निघाला होता, म्हणून तिनं कोपऱ्यात बसून सुईनं दोन टाके घातले. धाकट्या नणंदेनं ते पाहिलं होतं. तेव्हा कुणी काही बोललं नाही. दोन वर्षांनी पोरीचा डोळा वळला आणि ते दोन टाके वर आले. 'ग्रहणात सुई धरलीस, म्हणून पोरीच्या डोळ्यात वाकडं आलं.'

मग पोरीची दृष्ट काढून झाली, गंडा बांधून झाला. कुणी म्हणालं, तिरळी मुलगी नशिबाची असते, डॉक्टरकडे नेऊ नका, लक्ष्मी जाईल. आई म्हणत होती, दवाखान्यात दाखवू. पण तिच्या बोलण्याला घरात वजन उरलं नव्हतं, कारण चूक तिचीच ठरली होती. यात सात-आठ महिने गेले.

आणि आता आमचीही चूक सांगतो. हे बोलणं आमच्या बैठकीतही झालं होतं. ती हप्ता भरून गेल्यावर आमच्यातल्याच दोघी-तिघी म्हणाल्या, 'काय बाई, ग्रहण पाळायला नको का?' बाकीच्यांनी माना हलवल्या. आम्ही समन्वयक म्हणवतो, पदवी घेतलेली, आम्हीही गप्प बसलो. उत्तर देण्याएवढी माहितीच आमच्याकडे नव्हती.

एका बैठकीत ती रडली आणि म्हणाली, 'तुम्ही सगळ्या हिशोबात हुशार आहात. माझा पण एक हिशोब करून द्या. बाळाचा डोळा पोटात कोणत्या महिन्यात तयार होतो?' एकीलाही सांगता आलं नाही. पुढच्या बैठकीला आम्ही आशाताईंना आणि तालुक्याच्या महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना बोलावलं. त्या दिवशी जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

डोळा म्हणजे एक गोळा. तो हलतो कशानं? प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात. बैलाला वळवायला कासरा असतो ना, तसे हे सहा कासरे समजा. चार सरळ: एक वर ओढणारा, एक खाली, एक नाकाकडे आणि एक कानाकडे. उरलेले दोन तिरपे, ते डोळा किंचित फिरवतात. त्यातल्या वरच्या तिरप्या स्नायूची गंमत ऐका. तो सरळ डोळ्याकडे येत नाही. नाकाच्या बाजूला, खोबणीच्या कडेला एक छोटी कूर्चेची कप्पी असते, तिच्यातून त्याचा दोर वळून मागे डोळ्यावर येतो. जुन्या विहिरीवर मोटेचा नाडा चाकावरून वळायचा, अगदी तसा. या सहांशिवाय सातवा एक स्नायू असतो, तो पापणी उचलतो.

दोन्ही डोळ्यांचे मिळून हे बारा कासरे एकाच वेळी, एकाच मापानं ओढले गेले पाहिजेत, तेव्हा दोन्ही डोळे एकाच ठिकाणी बघतात. बैलजोडीतला एक बैल इकडे आणि एक तिकडे गेला तर तास वाकडं पडतं. डोळ्यांचंही तसंच आहे.

आता हे पोटात कधी होतं ते बघू. गर्भ राहिल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाळाच्या पाठीवर एक पन्हळ तयार होते. तिचे काठ वर उचलले जातात, एकमेकांना चिकटतात आणि नळी बनते. त्या नळीचा पुढे मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू होतो. नळीच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना दोन फुगे येतात, ते डोळे. चौथा आठवडा संपतो तेव्हा बाळ ज्वारीच्या दाण्याएवढं असतं, आणि त्या दाण्यात डोळ्यांची सुरुवात झालेली असते. कित्येकींना तर तोवर पाळी चुकल्याची नीट खात्रीसुद्धा झालेली नसते.

मग स्नायू येतात. मॅडमनी विचारलं, 'गोधडीला काय काय लागतं?' आम्ही म्हणालो, कापड आणि दोरा. 'तसंच डोळ्याच्या स्नायूंचं आहे,' त्या म्हणाल्या. 'दोन वेगळ्या घरांतून सामान येतं.' स्नायूचं मांस, म्हणजे जे आकसतं आणि ओढतं, ते येतं बाळाच्या शरीराच्या मधल्या थरातल्या पेशींपासून. पण ते मांस डोळ्याला जोडणारी पांढरी दोरी, स्नायूभोवतीचं वेष्टण, ती कप्पी, आणि डोळ्याचं पांढरं जाड आवरण, हे बहुतेक सगळं दुसऱ्याच पेशींपासून बनतं. आत्ता सांगितली ना ती पन्हळ, तिच्या काठावरून सुटून या पेशी चालत चालत डोळ्याच्या भोवती येतात. शास्त्रात त्यांना न्यूरल क्रेस्ट पेशी म्हणतात. आम्ही त्यांना काठावरच्या पेशी म्हणतो. चेहऱ्याची बरीचशी हाडंही याच पेशींची.

आणि पोटात डोकावून हे कुणी पाहिलं? आम्ही हा प्रश्न विचारला. उत्तर ऐकून कोंबड्या पाळणाऱ्या आमच्या बायका खूश झाल्या. हे अंड्यातून कळलं. निकोल ल दुआरँ नावाच्या फ्रान्समधल्या बाई शास्त्रज्ञ आहेत. त्यांना १९६९ च्या सुमाराला दिसलं की लावा पक्ष्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या पेशींपेक्षा वेगळ्या ओळखू येतात, पेशीच्या मध्यभागी एक गडद ठिपका असतो. मग त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या अगदी कोवळ्या गर्भातला छोटा तुकडा काढून तिथे लाव्याच्या गर्भातला तसाच तुकडा बसवला. गर्भ वाढत गेला आणि ठिपकेवाल्या पेशी कुठे कुठे पोचल्या ते बघता आलं. गुलाल लावलेली मेंढी दुसऱ्याच्या कळपात शिरली तरी ओळखू येते, तसं. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्र्यू नोडेन यांनी याच पद्धतीनं डोळ्याच्या स्नायूंचा माग काढला. मांस एका घरचं आणि दोरी-वेष्टण दुसऱ्या घरचं, हे तिथे दिसलं.

आता या दोन घरच्या सामानाची शिवण कोण घालतं? इथे डोळा स्वतःच मुकादम असतो. वाढणारा डोळा अ जीवनसत्त्वापासून एक पदार्थ तयार करतो, त्याला रेटिनॉइक आम्ल म्हणतात. तो भोवतालच्या काठावरच्या पेशींपर्यंत पोचतो, म्हणजे त्यांना निरोपच जातो: इथे दोरी बांधा, इथे जोड द्या. त्या पेशी जागा आखतात आणि स्नायू त्या आखणीप्रमाणे वेगळे होऊन आपापल्या ठिकाणी जोडले जातात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. हा निरोप अडवला तेव्हा स्नायूंची फाळणी नीट झाली नाही आणि त्यांचे जोड डोळ्यावर नीट बसले नाहीत. मांस होतं, पण त्याला जागा दाखवणारं कुणी नव्हतं.

माणसाच्या बाळात हे काम गर्भ राहिल्यापासून साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात होतं. पापणी उचलणारा स्नायू शेवटी, वरच्या सरळ स्नायूपासून वेगळा होतो. आठवा आठवडा संपतो तेव्हा बाळ भुईमुगाच्या शेंगेएवढं असतं. तिसरा महिना सरेपर्यंत स्नायूंची मांडणी झालेली असते. पुढे ते फक्त वाढतात आणि बळकट होतात.

हे ऐकल्यावर आमच्या खजिनदार मावशींनी इतिवृत्ताची वही उघडली आणि म्हणाल्या, 'चला, आता हिशोब.' त्या सुनेची शेवटची पाळी रामनवमीच्या दिवशी आली होती, तिला ते पक्कं आठवत होतं. २०२२ ची रामनवमी १० एप्रिलला होती. म्हणजे गर्भ राहिला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. तिथून पाचवा ते आठवा आठवडा मोजला. आला मे महिन्याचा शेवट ते जूनचा मध्य. रोहिणी सरून मृग निघाला, आपण पेरणीच्या तयारीत होतो, त्या दिवसांत पोरीच्या डोळ्याचे कासरे जोडून झाले होते. आणि ग्रहण कधी? २५ ऑक्टोबरला. सातव्या महिन्यात. चार महिन्यांपूर्वी शिवून झालेल्या गोधडीला ते दोन टाके कसे बिघडवणार?

बैठक शांत झाली. तिच्या सासूबाई तिथेच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी वही आपल्याकडे ओढून घेतली आणि बोटांवर पुन्हा एकदा महिने मोजले.

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. समजा, ग्रहण जूनमध्येच आलं असतं तर? तरीही दोष तिचा नसता. ग्रहण म्हणजे चंद्राची सावली. सुई, विळी, कात्री यांचा त्या सावलीशी आणि पोटातल्या बाळाशी काही संबंध नाही. ग्रहणात सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये, हे खरं, कारण त्यानं बघणाऱ्याचाच डोळा भाजतो. पण पोटुशी बाईला दिवसभर उपाशी आणि तहानलेली ठेवण्यानं मात्र तिला त्रास होतो. तेवढं आपण थांबवू शकतो.

मग पोरीच्या डोळ्याला झालं तरी काय होतं? हिशोब झाला त्याच आठवड्यात सासूबाई स्वतः सुनेला आणि नातीला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू सहाच्या सहा ठीक आहेत. पोरीला मोठा प्लसचा नंबर आहे. नंबर असल्यामुळे स्पष्ट दिसावं म्हणून ती डोळ्यांवर जोर देते, आणि तो जोर दिला की डोळे नाकाकडे वळतात. दोन-तीन वर्षांच्या मुलांत असा तिरळेपणा पुष्कळदा दिसतो. चष्मा लावला की जोर द्यावा लागत नाही आणि डोळा सरळ येतो.

पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते आमच्या मनाला लागलं. वळलेल्या डोळ्याचं चित्र मेंदू घेणं बंद करतो, नाहीतर एकाचे दोन दिसतील. जे चित्र वापरलं जात नाही, त्या डोळ्याची नजर मागे पडते. त्याला आळशी डोळा म्हणतात. त्या सात-आठ महिन्यांत पोरीचा डावा डोळा आळशी झाला होता. आता चष्म्याबरोबर रोज ठरलेले तास उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागते, डाव्याला काम पडावं म्हणून. वय लहान आहे, त्यामुळे नजर सुधारते आहे. हेच सात-आठ वर्षांनंतर लक्षात आलं असतं तर फार कठीण झालं असतं.

म्हणून आता कामाच्या गोष्टी सांगतो. जवळ वही असेल तर लिहून घ्या.

पहिली. जन्मल्यावर तीन-चार महिने बाळाचे डोळे मधूनमधून इकडेतिकडे जातात, त्याला घाबरू नका. चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल तर दाखवाच. एखाद्या बाळाचं नाक बसकं असतं, त्यामुळे डोळे तिरळे असल्यासारखे वाटतात. ते खरं की भास, हे डॉक्टर एका मिनिटात सांगतात. घरी बघायचं तर बाळाच्या समोरून काढलेला फोटो बघा. दोन्ही बुबुळांत उजेडाचा ठिपका एकाच जागी हवा.

दुसरी. बुबुळाच्या मधोमध पांढरं दिसलं, किंवा चांगला असलेला डोळा अचानक वळला, तर पुढच्या बाजाराची वाट बघू नका. त्याच दिवशी निघा.

तिसरी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका, आणि डोळ्याबद्दल शंका असेल तर स्वतः जाऊन सांगा.

चौथी. प्रत्येक तिरळेपणाला चष्मा पुरत नाही. काहींना शस्त्रक्रिया लागते. तिला घाबरू नका, डोळा बाहेर काढत नाहीत. एखादा कासरा थोडा सैल करतात, नाहीतर आखूड करून बांधतात. एवढंच.

पाचवी, अ जीवनसत्त्वाची. अमेरिकेत टेक्सासमध्ये फ्रेड हेल नावाच्या पशुतज्ज्ञांनी १९३३ साली लिहून ठेवलं आहे: अ जीवनसत्त्व नसलेला खुराक दिलेल्या डुकरिणीला ११ पिल्लं झाली आणि एकालाही डोळ्याचा गोळा नव्हता. दोष वंशाचा नाही, खुराकाचा आहे, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे पोटुशीच्या ताटात शेवग्याचा पाला, मेथी, पालक, गाजर, लाल भोपळा, दूध, अंडी आणि दिवसात आंबा हवा. पालेभाजीला थोडं तेल हवं, म्हणजे जीवनसत्त्व अंगी लागतं. रातांधळेपणा वाटला तर आशाताईंना लगेच सांगा.

पण याची दुसरी बाजूही ऐका. अ जीवनसत्त्व औषधातून जास्त झालं तरी बाळाला धोका असतो. लहान मुलांना नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत जो अ जीवनसत्त्वाचा डोस देतात, तो मोठा डोस आहे, गरोदर बाईनं तो कधीही घेऊ नये. तोंडावरच्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या मिळतात, त्या गरोदरपणात अजिबात चालत नाहीत. लेकी-सुनांनी त्या दुकानातून परस्पर आणू नयेत. भाजीपाल्यातून मात्र असा धोका नाही.

सहावी. ती पाठीवरची पन्हळ चौथ्या आठवड्यातच मिटते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच सुरू करायची असते, दिवस गेल्याचं कळल्यावर नव्हे. आणि मुलींना गोवर-रुबेलाची लस द्या. ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९४१ सालीच दाखवलं होतं की आईला सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतं.

हे सगळं सांगितलं म्हणून आता उलटं करू नका. उद्या कुणाच्या बाळाच्या डोळ्याला काही झालं तर 'तू शेवगा खाल्ला नाहीस' म्हणून तिला बोल लावू नका. कितीतरी वेळा कारण कुणाच्याच हातात नसतं. आमच्या या सुनेच्या बाबतीत ग्रहणाचा दोष नव्हता, जेवणाचाही नव्हता. मुलीला नंबर होता, एवढंच.

आता पोरगी लाल काड्यांचा चष्मा लावून बैठकीला येते आणि सगळ्यांच्या पासबुकावर रेघोट्या मारते. पट्टीची वेळ झाली की आजीच पट्टी लावते, कारण आईचं ती ऐकत नाही. परवा सासूबाई आम्हाला म्हणाल्या, 'बाई, मी माझ्या सुनेला आठ महिने फुकट बोलले. ते कुठल्या खात्यात भरू?' आमच्याकडे उत्तर नव्हतं. आमचंही त्या खात्यात देणं आहे.

म्हणून आमच्या गटानं एक ठराव केला, तो वहीत लिहिला आहे. कुणाच्या लेकराचं काही दुखलं-खुपलं तर आईची चूक शोधायची नाही, आधी तपासायला न्यायचं. गाडीभाड्याला पैसे नसतील तर गटाच्या अंतर्गत कर्जातून त्याच दिवशी द्यायचे. तुमच्या गटातही असा ठराव करता आला तर बघा. पुढच्या बैठकीचा विषय म्हणून लिहून ठेवा.

पुढच्या महिन्यात भेटू.